आधी आंघोळ

“ताई, अंगाचं तेल धुऊन मग आत बसा,” शहजादी म्हणाली. रोहिणी मॅडमनी सौनाचं दार अर्धं उघडलंही होतं.

“आता तुमच्या लोकांनी आम्हाला स्वच्छता शिकवायची का?”

केडगावच्या त्या हेल्थ क्लबात शहजादी नऊ वर्षं बायकांचा विभाग सांभाळत होती. सौनाच्या, म्हणजे त्या तापलेल्या लाकडी खोलीच्या फळ्या रोज तीच घासायची. दिवसातून पाचदा हातपाय धुणाऱ्या बाईच्या ते बोलणं जिव्हारी लागलं. वर मॅनेजरने तिलाच चारचौघींसमोर हात जोडायला लावले.

“चुकलं माझं, ताई,” ती म्हणाली. पण घरी गेल्यावर तिने ताट बाजूला सारलं. हिलाही एक दिवस अशीच चारचौघींसमोर उभी करीन, असं तिने मनाशी पक्कं केलं.

दोन महिन्यांनी तो दिवस आपल्या पायांनी चालत आला. मॅडमच्या नवऱ्याच्या कारखान्यात फिनलंडहून एलिना नावाच्या बाई आल्या होत्या. “आमच्याकडेही सौना आहे म्हटलं!” असं मिरवत मॅडम त्यांना मैत्रिणींसकट घेऊन आल्या. एलिनाबाईंनी आधी साबण लावून आंघोळ केली, मग फळीवर स्वतःचा टॉवेल अंथरून त्यावर बसल्या. मॅडम मात्र मसाज उरकून तेलाने निथळत आल्या.

शहजादीने या खेपेला अवाक्षर काढलं नाही. अदबीने दार उघडून धरलं.

दोन मिनिटांत एलिनाबाई मॅडमना घेऊन बाहेर आल्या. त्या शांतपणे इंग्रजीत काही सांगत होत्या. शहजादीला ‘फर्स्ट’ आणि ‘वॉश’ एवढंच कळलं. मॅडमची मान खाली. मैत्रिणी एकमेकींकडे पाहून ओठ दाबत होत्या. शहजादीच्या काळजाला थंडावा मिळाला. तिने सगळं डोळे भरून पाहून घेतलं.

बाकीच्या कपडे बदलायला गेल्या तशा मॅडम तिच्यावर फिरल्या.

“तुला माहीत होतं. सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं हुतं की, ताई. एकदा.”

मॅडम शॉवरखाली जाऊन नळ फिरवू लागल्या. तेलकट हात घसरत होता. एकदा, दोनदा, तीनदा. शहजादी हाताची घडी घालून बघत राहिली. चौथ्यांदा मॅडमचे खांदे हलले, आणि त्या रडताहेत हे तिच्या ध्यानात आलं.

ती पुढे झाली, नळ सोडला आणि पाठ फिरवून दाराशी उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून.