नाथामामांच्या पानावर

आकाराम आयुष्यात फार खोटं बोलला नव्हता. बोलायचंच मुळात जिवावर यायचं, तिथं खोटं कुठून बोलणार? पण त्र्याहत्तर सालच्या भाद्रपदात तो एक खोटं बोलला, आणि ते दोन आठवडे त्याच्या पोटात दगडासारखं बसून राहिलं.

त्याचे वडील माधवनगरच्या गिरणीत होते. आकाराम सांगलीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. इंग्रजी बरं लिहितो म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं त्याला परदेशी मुलांच्या शिबिरात दुभाष्या म्हणून घेतलं. योजना अशी होती, की तिकडच्या चौघांनी तीन आठवडे इथं यायचं, खेड्यात लोकांच्या घरी राहायचं आणि शाळेच्या दोन खोल्या बांधायला हात लावायचा. पुढच्या वर्षी इकडच्या चौघांनी तिकडं जायचं, त्यात आकारामही. एकमेकांची रीतभात कळावी एवढाच हेतू. गाव कुठलं घ्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा आकारामनं आपलं आजोळ सुचवलं. साताऱ्याहून कोरेगावच्या पुढं, एसटीच्या शेवटच्या थांब्याचं गाव.

दोघी मुली मास्तरीणबाईंकडे उतरल्या, जपानी मुलगा तलाठ्यांकडे गेला. चौथा डीटर, उंच, चष्मेवाला, बावीस वर्षांचा. तो आला आकारामच्या मामांकडे, म्हणजे हिंदुरावांकडे. आणि डीटर होता जर्मन.

हिंदुराव फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. ते आणि त्यांचे थोरले भाऊ नाथाजी एकाच मराठा पलटणीत, एकाच बोटीतून इटलीला गेले होते. परत आले ते एकटे हिंदुराव, भावाची ट्रंक घेऊन. चव्वेचाळीस साली एका नदीच्या काठावर जर्मनांच्या मशीनगननं नाथाजींचा जीव घेतला. तेव्हापासून मामांच्या घरात त्या देशाचं नाव निघत नसे. इतकं, की आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात म्हणून जर्मनचं पातेलंसुद्धा त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. पारूमामी बिचारी पितळेच्या जड भांड्यांनी मनगटं दुखवून घेत होती.

तर डीटरला दारात बघून मामांनी विचारलं, "कुठला रं ह्यो?" आणि आकारामच्या तोंडून निघून गेलं, "हॉलंडचा हाय, मामा."

"गाईंचा देश! लय झ्याक," मामा म्हणाले आणि त्यांनी डीटरच्या पाठीवर थाप मारली.

पुढचं सगळं त्या एका शब्दामागं ओढत आलं. मामांना इंग्रजी होतं ते कवायतीपुरतं, आणि डीटरला मराठी 'पाणी' आणि 'बास' एवढंच. मधे आकाराम. रात्रीच्या जेवणाला मामा विचारायचे, "घरी किती गाई हायत म्हणं?" आकाराम इंग्रजीत विचारायचा, "तुझे वडील काय करतात?" डीटर सांगायचा, ते कासेल शहरात ट्राम चालवतात. आकाराम मामांना सांगायचा, "ह्यांच्या वडलांनी गाई विकल्या, मामा. आता गाडी चालवत्यात."

"विकल्या? का बरं?" मामांना खरंच वाईट वाटायचं. "आजारी बिजारी पडल्या का काय?"

मामीनं डीटरचा दिगू केला होता. दिगू डोक्यावर दगडाची पाटी घेऊन पडायचा, उठायचा, हसायचा. सकाळी मामांबरोबर गोठ्यात जायचा. हॉलंडच्या माणसाला धार काढता येत नाही याचं मामांना नवल वाटायचं, पण गाई विकल्यात म्हटल्यावर ते समजूत करून घ्यायचे. रोज सकाळी आकाराम ठरवायचा, आज सांगायचं. आणि रोज संध्याकाळी मामांचं खुललेलं तोंड बघून तो जीभ आत ओढून घ्यायचा.

पितृपंधरवडा सरत आला. घातचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मामा ओसरीवर बसून म्हणाले, "उद्या दादाचा म्हाळ. हत्यारानं गेलेल्यांची तिथी. आक्या, औंदा दादाच्या पानावर दिगूला बसवायचा."

म्हाळाच्या दिवशी एखाद्या माणसाला घरी बोलावून गेलेल्याच्या नावानं जेवू घालतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. दरवर्षी नाथाजींच्या पानावर भावकीतले तात्याबा बसत.

"तात्याबा मामा रुसतील की," आकारामनं कसंबसं म्हटलं.

"रुसू दे. दरसाल माझ्या दादाच्या नावावर ईस-ईस वडं हाणतोय त्यो." मामा हसले, मग आवाज उतरवून म्हणाले, "दादाची माती तिकडं हाय, गड्या. तिकडच्या कुणी त्येला कवा घास दिला न्हाई. तिकडचं पोर हितं येऊन त्येच्या नावानं जेवलं, तर काय सांगावं, पोचंल बी. आन वय बी तेवढंच. दादा गेला तवा बावीसचाच व्हता."

आकाराम उठून अंगणात गेला. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण ज्यांच्या गोळीनं नाथामामा गेले त्यांच्यातलाच मुलगा, खोट्या देशाच्या नावाखाली, नाथामामांच्या पानावर? आणि सांगितलं, तर मामा त्या मुलाला घराबाहेर काढतील. शिबिर मोडेल ते वेगळंच.

त्यानं आधी डीटरला गाठलं. शाळेच्या अर्ध्या भिंतीवर बसून सगळं सांगितलं. म्हाळ म्हणजे काय, नाथामामा कोण, हॉलंड कुठून आलं. डीटरनं चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मला कुणी विचारलं, की मी जर्मन म्हणून सांगायचो, आणि तू ते गिळून टाकायचास?"

"हो."

"घरी असताना मला नेहमी वाटायचं, परदेशात लोक आपल्याला कुठला म्हणून ओळखतील, काय म्हणतील," डीटर म्हणाला. "इथं कुणी काहीच म्हटलं नाही. मी किती खूश होतो. आता कळलं का ते." मग तो उठला. "मी दुसऱ्या देशाच्या नावानं त्या पानावर बसणार नाही. तू सांग, नाहीतर मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा परसात केळीची पानं कापत होते. आतून तळणाचा वास येत होता. आकाराम त्यांच्यामागं जाऊन उभा राहिला आणि पाठ केलेलं सगळं विसरून एकदम म्हणाला, "मामा, दिगू हॉलंडचा न्हाई. जर्मन हाय."

मामांचा विळा थांबला. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं, सावकाश, जणू ते फुटेल.

"कवापासून ठावं हाय तुला?"

"पहिल्यापासनं."

"आन त्येला?"

"त्याला कालच कळलं. तो म्हणतोय, खरं सांगितल्याबिगर पानावर बसणार न्हाई."

मामा विळा घेऊन तसेच वळले. गोठ्यापर्यंत गेले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, परत आले. आकारामला वाटलं आता विळा भिरकावतील.

"मी रागवंन म्हणून बोलला न्हाईस?"

"व्हय."

"मग रागावलोय की!" मामा गरजले. "पण त्येच्यावर न्हाई, तुझ्यावर! पंधरा दिस माझ्या ताटाला ताट लावून पोरगं जेवतंय, आन मी त्येला भलत्याच देशाचा समजतोय. त्येच्या बापानं न इकलेल्या गाईंचं दुख करतोय! येड्या, म्हाळाचं पान खोट्या माणसाला वाढलं तर त्ये कुणाला पोचलं असतं रं?"

"चुकलं, मामा."

"बलीव त्येला. आन आता शब्दाला शब्द सांगायचा. मधी तुझं डोकं घालायचं न्हाई."

डीटर आला. आंघोळ करून, मामीनं दिलेलं मामांचं धोतर कसंबसं गुंडाळून. मामांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"त्येला इचार, त्येच्या घरचं कोण लढाईत गेलं का?"

डीटर म्हणाला, वडिलांचा धाकटा भाऊ. मार्टिन. रशियात. कुठं पडला ते कळलं नाही. आजी शेवटपर्यंत दाराशी बसायची.

आकारामनं शब्दाला शब्द सांगितलं. काही गाळलं नाही.

"मार्टिन," मामांनी नाव तोंडात घोळवलं. "आमच्या पलटणीत एक मार्टिन सायब व्हता. अवघड न्हाई नाव. मग त्येचा म्हाळ कोण घालतंय?"

"त्यांच्यात अशी रीत न्हाई म्हणतोय."

"मंजी पोरगा तीस साल उपाशी?" मामांनी आत हाक मारली, "पारू! एक पान वाढीव मांड."

"तात्याबांचं व्हय?" मामीनं आतून विचारलं.

"त्यो काय बलावल्याबिगर बी येतोयच. ह्ये मार्टिनचं. दिगू दादाच्या पानावर बसंल, आन मार्टिनच्या पानावर आपला आक्या. शिक्षा म्हणून!"

डीटरला हे सांगताना आकारामला मधे थांबावं लागलं. डीटरनं चष्मा काढला, मामांपुढं वाकला, आणि काय करावं ते न सुचून त्यांचे दोन्ही हात धरून उभा राहिला. मामांनी ते सोडवून घेतले नाहीत. "बास, बास," ते म्हणाले. "वडं गार व्हत्यात."

मामांनी दोन्ही पानांभोवती पाणी फिरवलं. दोन्ही नावं घेतली, आधी नाथादादा, मग मार्टिन. हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "जेवा रं आता."

खीर, वडे, भोपळा, गवारी, कारलं, आळूची भाजी. आकारामला पंधरा दिवसांत अन्नाची चव अशी लागली नव्हती. पोटातला दगड गेला होता आणि तेवढी जागा भरून काढायला तो मान खाली घालून वड्यामागून वडा उचलत होता. मामी वाढतच होती.

"तात्याबाच्या वरताण हाय की ह्यो," मामा म्हणाले. "काय रं, फुडच्या साली तू तिकडं जाशील, तवा कुठला म्हणून सांगणार हाईस?"

आकारामचं तोंड भरलेलं होतं. घाईनं गिळून तो म्हणाला, "सांगलीचा."

"बघ हां. न्हाईतर सातारचा बितारचा म्हणशील."

मामी पदर तोंडाला लावून हसायला लागली. डीटरनं विचारलं, काय म्हणतात? आणि आकारामनं त्याला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द.