समुद्राचा मोतीबिंदू

समुद्राच्या सेवेसाठी आमच्या ताईने जे स्वयंसेवक गोळा केले होते, त्यांना घरी कुणी भाजी निवडायलाही बसवत नसे. त्यांचे म्होरके आमचे काका. काम काकांनाही जमेल इतकं सोपं: धक्क्यावरून पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. थाळी लवकर गडप झाली, तर पाणी गढूळ.

ताईची नोकरी हंगामी. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी समुद्र नासवतंय, हे आकड्यांनी सिद्ध झालं तर ती टिकणार, नाहीतर ताई घरी. वर्षभर काकांची थाळी सोडल्या सोडल्या गडप व्हायची. ताई खूश. आणि एके सकाळी दोरी संपली तरी थाळी दिसतच राहिली.

"काका, नीट बघितलंत ना?"

"नीट? अगं, तळाशी खेकडा आहे, तो माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतोय."

"पण असं एकदम कसं?"

"एकदम कसलं? मोतीबिंदू काढला ना परवा. तूच तर दवाखान्यात घेऊन गेलीस."

ताईने आकड्यांची वही मिटली. वर्षभर तिने समुद्र नव्हे, काकांचा डोळा मोजला होता.

"पण बाकीच्यांचे आकडे आहेत ना?" मी तिला धीर दिला.

"आहेत की," काका म्हणाले. "सगळे माझंच बघून लिहितात. मोठ्यांचा मान ठेवतात हो!"

ताईने कचेरीत जाऊन आपल्या साहेबांना खरं ते सांगितलं. साहेब आलेखावरून नजर काढेनात.

"आठवड्यात समुद्र स्वच्छ! कमाल केलीत!"

"साहेब, समुद्र तोच आहे. डोळा बदललाय."

"मग बाकीच्यांचेही बदलून घ्या. थांबलात कशाला?"

ताईची नोकरी वाचली. वाचली काय, कायम झाली. आता ती धक्क्याच्या कठड्यावर स्वयंसेवकांना ओळीने बसवून त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. समुद्र तिच्या पाठीमागे असतो.

परवा कारखान्याने काकांचा सत्कार केला. काका गहिवरून म्हणाले, "दोष समुद्राचा नव्हताच. वर्षभर उगाच बदनाम केलं बिचाऱ्याला."

मालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ताईला काही वाजवता आल्या नाहीत. एका हातात औषधाची बाटली होती, दुसऱ्या हाताने तिने काकांची पापणी वर धरली होती.