बेंजो कचरूचा, फोटो आबासाहेबांचा

या माउली, अलीकडं सरका. मांडी घालून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज एका वाजवणाऱ्याची गोष्ट ऐकवतो. ऐकता ऐकता राग आला तर येऊ द्या. देवाच्या दारात खोटं हसण्यापेक्षा खरा राग बरा.

सिरसाळ्याच्या अलीकडं एक गाव. साल सत्त्याऐंशी. पावसानं ओळीनं पाठ फिरवलेली, विहिरींच्या तळाला भेगा, गडीमाणसं रोजगार हमीच्या तलावावर माती उपसायला गेलेली. अशा श्रावणात उरल्यासुरल्या गावानं पावसासाठी सप्ताह मांडला. काल्याच्या दिवशी सकाळी मंडपाच्या दाराशी कचरूनं चादर अंथरली आणि तिच्यावर आपल्या कॅसेटी मांडल्या.

कचरू म्हाळू वाजंत्र्याचा मुलगा. उभी हयात त्यानं बेंजो वाजवला, तोही साधा नाही, विजेवरचा. तारेला नख लागलं की वरातीतली पोरं घामानं निथळेपर्यंत नाचायची, आणि नवरदेवाचं घोडं बिथरायचं. तो ज्या बेंजो पार्टीत वाजवायचा, तिच्या पुष्कळ कॅसेटी निघाल्या, वरातीच्या, जत्रेच्या, कव्वालीच्या. सगळ्यांवर फोटो पार्टीच्या मालकाचा. कचरू कुठं? तर आत, फितीत.

यंदा मात्र त्यानं बीडला जाऊन एकट्याची कॅसेट काढली होती. हरिपाठाच्या चाली, काकड्याच्या चाली, निव्वळ बेंजोवर. कव्हरावर तो स्वतः, मांडीवर बेंजो, आणि लाल अक्षरांत त्याचं नाव. त्याच्या बायकोला, पारूबाईला, वाचता येत नव्हतं, तरी ती त्या अक्षरांवरची धूळ पदरानं पुसायची.

जुन्या कॅसेटी लोक हातात घेऊन बघत होते. नव्या कॅसेटीला कुणी बोट लावीना.

"विमलबाई, ही घ्या की," कचरू म्हणाला. "माझी एकट्याची हाय."

विमलबाई दूध संस्थेची सभासद, जिभेनं तिखट, पण मनानं लोणी. तिनं डोळे बारीक करून कव्हर पाहिलं. "आरं, ही कावून इकत घेऊ? हाच बेंजोवरचा हरिपाठ संस्थेनं घरोघरी फुकट वाटला की. दावणीला म्हशी उपाशी, आमी पेंड मागितली, तर आबासाहेबांनी हातात कॅसेट दिली. म्हशीनं काय ती रवंथ करायची?"

आणि तिनं पिशवीतनं कॅसेट काढली. कव्हरावर दूध संस्थेचे चेअरमन आबासाहेब हात जोडून उभे. खाली छापलेलं, 'संस्थेची भक्तिभेट'. कचरूचं नाव पुढं नाही, मागं नाही.

तेवढ्यात भोंग्यातनं बेंजो सुरू झाला. हरिपाठाची चाल, शेवटाला तार जरा ओढून सोडायची ती लकब. ती हिसक्याची लकब कचरूच्या बोटाची होती. वर माईकवर संस्थेचा सचिव रामकिसन सांगत होता, "ऐका मंडळी, आबासाहेबांच्या कृपेनं!"

कचरू ताडकन उठला. चूक त्याचीच होती. गावाची रीत अशी, नव्या म्हशीचं पहिलं दूध देवाला आणि नव्या वस्तूचं पहिलं दर्शन चेअरमनला. पहिली कॅसेट त्यानं स्वतःच्या हातानं, वर नारळ ठेवून, आबासाहेबांच्या ओटीवर नेऊन दिली होती. "सप्ताहात वाजवा मालक, तेवढं माझं नाव पुकारा," एवढंच मागितलं होतं. फितीच्या नकला निघाल्या, आणि नाव गेलं उकिरड्यावर.

"कुठं निघालात?" पारूबाईनं हात धरला.

"सोड. आज चारचौघांत त्याच्या पगडीला हात घालतो."

तो चपला भिरकावून मंडपात घुसला. आबासाहेब पुढं लोडाला टेकून बसलेले. त्यांच्या अलीकडं म्हातारे आप्पा, गळ्यात वीणा घेऊन पहाटेपासून उभे. सप्ताहात वीणा भुईला टेकवायची नसते, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. पण यंदा पहारा बदलायला माणसंच उरली नव्हती. कचरू जवळ आला आणि आप्पांचे गुडघे वळले.

"धरा बे कुणीतरी! वीणा टेकतीया!"

हाताच्या अंतरावर होता तो कचरूच. त्यानं आप्पांना एका हातानं सावरलं, दुसऱ्यानं वीणा. आप्पांनी ती त्याच्या गळ्यात घातली आणि खाली बसले.

रामकिसन पुटपुटला, "वाजंत्र्याच्या गळ्यात?"

कीर्तनाला नुकते उभे राहिले होते गहिनीनाथ महाराज. ते कडाडले, "ज्याच्या गळ्यात वीणा, तो विणेकरी. काला होईस्तोवर उतरायची न्हाई. आन् विणेकऱ्यानं नामाबिगर बोलायचं न्हाई."

बघा माउली, काय खोडा पडला. जिभेवर शिव्यांचा ढीग घेऊन आलेला माणूस, आणि तोंडाला कुलूप देवाचं. कचरू "रामकृष्णहरी" म्हणायला लागला. पण असा म्हणायचा की जणू प्रत्येक अक्षर दगड आहे आणि तो लोडाकडं भिरकावतोय.

महाराजांनी काल्याचं वर्णन मांडलं. गोकुळात लोणी चोरलं, पण देवानं ते सवंगड्यांत वाटून खाल्लं. आबासाहेब डोलत होते, मांडीवर ताल धरत होते. कचरूच्या मनात आलं, देवा, तुझी चोरी तू गाऊन घेतोस, पण ह्याची चोरी कोण गाणार? वीणेच्या तारेवर त्याचं बोट इतकं कचकन पडलं की पुढच्या बाया दचकल्या.

दहीहंडी फुटली. आता शेवटची रीत, सगळ्यांनी विणेकऱ्याच्या पाया पडायचं. पहिला मान आबासाहेबांचा. ते उठले, उपरणं सावरलं, वाकले.

कचरूनं पाय मागं घेतले.

आबासाहेबांचे हात सतरंजीवर पडले. ते गुडघे टेकून जरा पुढं सरकले. कचरू पुन्हा मागं.

"कचरू," ते दातांतल्या दातांत म्हणाले, "पाय दे."

"रामकृष्णहरी."

बायांच्या बाजूनं पारूबाई उभी राहिली. "चेअरमन, आधी नाव घ्या. सकाळी भोंग्यात वाजला तो बेंजो कुणाचा, ते भोंग्यातच सांगा. मग पाय भेटतील."

"आन् पेंडीचंबी सांगा!" विमलबाई ओरडली. बाया हसल्या. पुरुष खाली बघत राहिले.

आबासाहेब उठले, गुडघे झटकले. "संस्थेनं तुला गावभर वाजवला, उपकार मान बे," म्हणाले, आणि पाया न पडता मंडपाबाहेर चालते झाले. असं कुठल्या सप्ताहात घडलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

गहिनीनाथ महाराज पुढं आले, कचरूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माईककडं वळले. रामकिसननं मशीनची वायर उपटली. महाराजांनी कचरूचं नाव घेतलं, पण ते मंडपातल्या मंडपात राहिलं. भोंगा मुका.

कचरूनं वीणा आप्पांच्या गळ्यात दिली. आता तोंड मोकळं होतं, पण शिवी देण्यासारखा माणूस समोर उरला नव्हता. दाराशी येऊन त्यानं चादरीची चार टोकं गोळा केली आणि पारूबाईनं गाठ मारली. वाटेतही तो पुटपुटत होता. नाम की शिवी, ते पारूबाईलाही कळेना.

पाऊस त्या साली पडलाच नाही. संस्था बुडाली, कॅसेटी मात्र उरल्या. अजूनही आपल्याकडं पहाटे कुठल्याशा देवळावरनं तो बेंजो वाजतो, शेवटाला तार ओढून सोडतो. लोक हात जोडतात, कुणाचा ते विचारत नाहीत. तुमच्या कानावर पडला, तर माउली, एवढं करा. शेजारी जो असेल त्याला मोठ्यानं सांगा, हा म्हाळू वाजंत्र्याचा कचरू वाजवतोय. त्याला विसरू नका.