खानावळीचे नियम

नियम १. खानावळ उजाडायच्या आत भरावी.

सूनबाईने भरली. अंधारात, चाचपडत, ओट्याखालच्या डब्यातून. खानावळ म्हणजे सासऱ्यांनी स्वतः लेथवर घडवून बागेत टांगलेली दाण्यांची नळी. तिच्यावर पाखरं यावीत म्हणून म्हातारबुवांनी दोन महिने अख्ख्या घराला श्वास रोखून वागायला लावलं होतं. गेल्या आठवड्यात ती आली. पण मोतीबिंदूमुळे म्हातारबुवांना नुसती फडफड ऐकू आली. काल ऑपरेशननंतरची डोळ्यावरची पट्टी सुटली. आज ते पहाटेपासून खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते.

नियम ४. खिडकीपाशी हलू नये. शिंक आल्यास मोरीत जावे.

उजाडलं. समोरच्या फांदीवर पाच पाखरं उतरली.

"सूनबाई," सासरे ओठ न हलवता पुटपुटले, "चोच दिसतेय गं मला."

तेवढ्यात नवरा दात घासत स्वयंपाकघरात आला. कुजबुजला, "अगं, उंदीर मारायचे दाणे कुठेत? काल रात्री ओट्याखालच्या डब्यात ओतले होते."

"त्या डब्यात? का?"

"तूच म्हणालीस ना, दाणे डब्यात भरा म्हणून."

ती म्हणाली होती शेंगदाण्यांबद्दल.

एक पाखरू फांदी सोडून नळीवर बसलं. भोकात चोच घातली.

बाबांना सांगावं, तर ते आधी विचारणार, कसले दाणे. काच वाजवावी, तर मध्ये त्यांची खुर्ची.

नियम ७. टाळी, शिट्टी, हाक, भांडं: काही म्हणजे काही वाजवू नये.

तिने ताट उचललं, त्यावर उलथनं हाणलं आणि तशीच बडवत, ओरडत मागच्या दाराने बागेत धावली. फांदी रिकामी झाली.

सासरे दारात आले. "डोकं फिरलंय का तुझं?"

"बाबा, नळीत उंदरांचं औषध आहे. मी शेंगदाणे म्हणाले, यांनी डब्यात तेच ओतलं."

ते मुलाकडे वळलेसुद्धा नाहीत. "एकाने उचलला होता," हळूच म्हणाले. "मी पाहिलं. गिळला का टाकला?"

"नाही दिसलं."

डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली होती. म्हातारा गवतात गुडघे टेकून बसला.

"बाबा, डोळा..."

"डोळ्यानेच शोधतोय."

तीही बसली. टरफलं, खडे, एक जुनं बटण. टरफलं. नवरा ब्रश तोंडात तसाच धरून उभा. नळीखाली एक वीत, दोन वीत, मग भिंतीच्या कडेने.

"हा बघ."

तळहातावर गुलाबी दाणा. सासऱ्यांनी तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, उलटा केला.

"अख्खा आहे."

नवऱ्याने तोंडातला फेस गिळला. "मग येतील की परत."

"येतील," सासरे रिकाम्या फांदीकडे बघत म्हणाले. "दोन महिन्यांनी. ती नळी उतरव आणि तीनदा धू. तूच धू."

आत जाऊन त्यांनी नियमांच्या कागदाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं. पट्टी सुटल्यानंतरचं पहिलं अक्षर, जरा तिरकं.

नियम ८. या घरात शेंगदाण्यांना शेंगदाणेच म्हणावे.