इसोल्डबाईंचे अश्रू

आमच्या लिटल हार्कमच्या चर्चात रविवारी एरवी सात टाळकी असतात. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं गाव लेडी इसोल्डच्या थडग्यापुढे रांगेत, प्रत्येकाच्या हातात स्वच्छ रुमाल. सहाशे वर्षांपूर्वी मेलेली ही बाई थडग्यावर दगडी पुतळा होऊन आडवी पडली आहे, आणि तिच्या गालांवरून चक्क पाणी ओघळत होतं.

शेजारी हवेलीचे मालक मेजर फॅनशॉ छाती काढून उभे. "आमची खापरपणजी तुमच्यासाठी रडते आहे! डोळ्यांना लावा आणि चष्मे फेकून द्या!" त्याच अश्रूंच्या बाटल्या हवेलीवर विकायलाही होत्या, जॅमच्या बरण्यांशेजारी.

मी या चर्चची झाडलोट अकरा वर्षं करते. छपरात वटवाघळं आहेत. कायद्यानं त्यांना हाकलता येत नाही, म्हणून थडग्यावर आम्ही प्लास्टिक घालायचो. इस्टरला मेजरांना तो खापरपणजीचा अपमान वाटला आणि त्यांनी ते काढायला लावलं. पंधरवड्यात बाई रडू लागल्या. आता हे कळायला काय मोठी अक्कल लागते? पण आमच्याकडे हवेलीवाल्याला तोंडावर खोटं पाडणं म्हणजे असभ्यपणा. सगळे म्हणाले, किती हृदयस्पर्शी. मीही म्हणाले.

मग रांगेतली एडिथ, माझी मैत्रीण, लालबुंद डोळे पुसत सांगू लागली की मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनं रद्द केलंय, आता अश्रूंनीच गुण येणार.

मी कोपऱ्यातली छत्री उघडली आणि पुतळ्याच्या तोंडावर धरली. पाच मिनिटांत अश्रू थांबले. छत्रीवर मात्र टप टप सुरू. मेजर म्हणाले की शोक आता छत्रीत शिरला आहे, आणि देवाशप्पथ, दोघी जणी छत्रीला रुमाल लावायला धावल्या. शेवटी मी वर बोट दाखवलं.

"तिकडं बघा. वटवाघळं मुतताहेत."

हातातल्या रुमालाचं काय करावं ते कुणाला कळेना. मेजर घसा खाकरत बाहेर गेले.

एडिथ जवळ आली. "तुला माहीत होतं?"

"अगं, मेजरांना वाईट वाटलं असतं..."

"माझे डोळे गेले असते, तरी तू सभ्यपणे गप्प राहून मला चहाच पाजला असतास ना?"

सोमवारी मीच तिला इस्पितळात नेलं. नवी तारीख मिळाली ती पाच महिन्यांनंतरची. तोवर तिची पत्रं मी वाचून दाखवते, आणि रोज मनातून शरमते. म्हणून सांगते: डोळे डॉक्टरला दाखवा. आणि खोटं दिसलं की सभ्यपणा बाजूला ठेवून त्याच दिवशी बोला.