अकरा बटणं

साडेसात वाजले तेव्हा उजव्या वाटीत दहा बटणं होती आणि डाव्या वाटीत एक. मी ती परत मोजली. मोजून वाढणार नव्हती, तरी मोजली. मग लाइन चालू आहे ना हे पाहायला रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि लगेच घाबरून खाली ठेवला. त्या दोन सेकंदांत कोणी रिंग दिली असती तर त्याला एंगेज लागलं असतं.

आईला जाऊन सात दिवस झाले होते. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज बंद झालं, ती निवृत्त झाली, तरी घरातला फोन तिने सोडला नाही. साय रंगाचा, जुना, नंबर न दाखवणारा. "रिंगवरून माणूस कळतो," म्हणायची. या गावात जन्मली, याच गावात राहिली. रक्त हवं असलं की लोक आधी आमच्या दारात यायचे आणि मग दवाखान्यात जायचे. रविवारी वाचनालय ती उघडायची, कारण पगारी माणसाची रविवारी सुट्टी. लहानपणी मी एकदा चिडून म्हटलं होतं, "तू सगळ्या गावाची आहेस, मग मी कुणाची?" ती म्हणाली, "तू पण गावातच राहतेस की." पुढे मी गावात राहिले नाही.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेपासून फोन वाजायला लागला. वाजायचा आणि कटायचा. मला वाटलं, लोक सांत्वनाला फोन करतात आणि बोलायचं काय म्हणून ठेवून देतात. तिसऱ्या दिवशी वाटलं, लाइनच खराब आहे. सहाव्या दिवशी, म्हणजे काल, सात वाजून दहा मिनिटांनी रोजची ती लांब रिंग आली. बाकीच्या दोन-तीन वाजून थांबायच्या. ही सात, आठ, नऊ वाजत राहायची, कोणी दरवाजाची बेल दाबून धरल्यासारखी. मी फोन उचलला. पलीकडे श्वास ऐकू आला, बाकी काही नाही.

"कोण आहे?" मी म्हटलं. "आई गेली. कृपा करून परत फोन करू नका."

पलीकडून अगदी हळू, "बरं," आलं आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी मोठ्या बाई आल्या. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता सत्त्याहत्तरच्या. खुर्चीत बसताना गुडघ्याला हात लावून त्याला दोन शब्द सुनावले आणि मग मला म्हणाल्या, "फोन उचलत जाऊ नकोस बाई. उचलायचा नसतो तो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गावात एकटी राहणारी अकरा म्हातारी माणसं होती. साडेसातच्या आत प्रत्येकाने आईला रिंग द्यायची, म्हणजे मी उठलो, मी ठीक आहे. आईने एकेक बटण या वाटीतून त्या वाटीत टाकायचं. हे बटण तिने ज्याच्या त्याच्याकडून मागून घेतलेलं असायचं. साडेसात झाले की ती सगळ्यांना एकेक उलटी रिंग द्यायची, म्हणजे मिळालं. बटण उरलं, तर पावणेआठला ती त्या दारात. ती गेली तरी घरात कोणीतरी ऐकतंय, म्हणून रिंगा चालूच राहिल्या होत्या.

"कोण कोण आहेत अकरा?"

"ते तिने कोणाला सांगितलं नाही. मी फक्त माझंच सांगणार. आपल्यावर कोणाला लक्ष ठेवावं लागतं, हे चारचौघांत कोणाला आवडतंय?"

टेलिफोनजवळच्या त्या दोन वाट्या मी आल्या दिवशीच पाहिल्या होत्या. एकीत थोडी बटणं, दुसरीत जास्त. पसारा आवरताना मी दोन्ही पुसल्या आणि सगळी बटणं एकीत ओतली. डॉक्टरांनी दाखल्यावर "सकाळी सातच्या सुमारास" लिहिलं आहे. चौथी रिंग आली तेव्हा आई होती की सहावी आली तेव्हा, हे सांगणारी एकच गोष्ट घरात होती. बाई गेल्यावर मी बराच वेळ आठवून पाहिलं. थोड्या बटणांच्या वाटीत तीन होती की चार की पाच. नाही आठवलं.

त्या बटणांत माझं एकही नव्हतं. असायचं काही कारणही नव्हतं. मी रविवारी फोन करायचे. ती जाण्याआधीचा शेवटचा रविवार राहून गेला होता.

आणि आज, मी पहिल्यांदाच मोजायला बसले तेव्हा, दहा. लांब रिंग आली नव्हती.

दोन्ही वाट्या पिशवीत टाकून मी बाईंच्या घरी पळाले. चार घरं सोडून त्या राहतात. त्या अंगणात उभ्याच होत्या.

"एक आली नाही," मी म्हटलं. "लांब वाजायची ती. काल मीच त्याला सांगितलं, करू नका म्हणून."

"मग रागावून नसेल केला."

"आणि पडला असेल तर?"

बाईंनी पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या दारात आम्ही दहा जण होतो. तीस वर्षं हजेरी घेतली आहे मी, मोजल्याशिवाय राहवत नाही. अकरावा आला नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कोणी सांगितलं नाही? उलटी रिंग आली नाही म्हणून आलो आम्ही. मी इकडून निघाले, टेलर तिकडून काठी टेकत आला. तोवर मला माहीतच नव्हतं की तोही यात आहे. दारात येऊन एकेक जण दुसऱ्याला बघून ओशाळत होता. मग कोणीतरी कडी वाजवली."

मला सांगितलं होतं, शेजाऱ्यांना कळलं. मी तेवढ्यावर थांबले होते.

"टेलरकडे जा," बाई म्हणाल्या. "बटणं दाखव त्याला. माणसाचं नाव विसरेल, बटण नाही विसरायचा. आणि किल्ली दे, मी फोनपाशी बसते. उशिरा रिंग आलीच तर कोणी नको का ऐकायला?"

टेलरकाकांच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत शिरले. ते मशीनला तेल देत होते.

"काका, एक रिंग आली नाही."

त्यांनी प्रश्न विचारला नाही. कापड बेतायच्या फळीवरचे कपटे हाताने बाजूला सारले. मी बटणं ओतली. त्यांनी चष्मा बदलला, तोही मला फार सावकाश वाटला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते. या वेळी आई त्याच्या दारात असती.

"हे माझं," ते एक काळं बटण सरकवत म्हणाले. "मागायला आली तेव्हा म्हटलं, टेलरकडे येऊन एकच बटण? निदान अर्धा डझन तरी ने. हे बाईंच्या स्वेटरचं. हे कंपाउंडरचं, याला पांढऱ्याशिवाय दुसरा रंग ठाऊक नाही. हे बेकरीवालीचं..."

"काका, दारात आलेल्यांची बाजूला काढा ना. लवकर."

"काढतोच आहे. घाईत कापलं तर बाहीला बाही लागत नाही."

दहा बटणं एका ओळीत लागली. एक उरलं, पितळेचं, मध्ये चांदणी कोरलेलं. काकांनी ते बोटांत फिरवलं.

"हे मी लावलंय. टॉकीजच्या गणवेशाला. एका कोटाला आठ."

"टॉकीज बंद होऊन बारा वर्षं झाली."

"टॉकीज बंद झाली. माणूस कुठे बंद होतो? बाल्कनीमामा."

मला लगेच आठवला. बाल्कनीच्या दाराशी उभा राहणारा, बॅटरीचा उजेड पायांवर टाकून खुर्चीपर्यंत नेणारा. बाल्कनीतलंच गिऱ्हाईक तेवढं खरं, असं मानायचा म्हणून मुलांनी ते नाव पाडलं होतं. खेळ सुरू व्हायची घंटा तोच वाजवायचा. लांब.

"मालकाने सिनेमाच्या जुन्या मशीनच्या खोलीत राहू दिलंय त्याला," काका म्हणाले. "वर. गुडघे गेल्यापासून जिना उतरत नाही. म्हणून त्या दिवशी आला नसेल."

मी धावत होते आणि काका मागून काठी आपटत ओरडत होते, "तू हो पुढे! माझ्यासाठी थांबू नकोस!"

टॉकीजच्या खालच्या भागात आता गॅरेज आहे. बाजूने लोखंडी जिना वर जातो. मी दार वाजवलं. मामा, मामा म्हणून हाका मारल्या. दार आतून लावलेलं होतं. कान लावला तर खालच्या गॅरेजमधला हातोडाच ऐकू येत होता. आईकडे या दाराची किल्ली होती की नाही, असली तर कुठल्या खिळ्याला, मला काही माहीत नव्हतं. मी गॅरेजवाल्याला ओरडून सांगितलं, हातोडा थांबव आणि पहार घेऊन वर ये.

तो येईपर्यंत थांबवेना. मी खाली उतरून मुख्य जिन्याने बाल्कनीत गेले. आत अंधार होता. खुर्च्या काढून नेलेल्या, मागच्या दोनच ओळी उरलेल्या. पण मागच्या भिंतीत उंचावर दोन चौकोनी झरोके असतात, ज्यांतून पडद्याकडे उजेड जायचा. एकातून सकाळचं ऊन बाल्कनीत पडलं होतं. मी खुर्चीच्या हातावर चढले आणि झरोक्याला तोंड लावलं.

खाट. स्टूल. स्टुलावर फोन. आणि स्टुलापासून हातभर लांब फरशीवर मामा, एक पाय नको त्या दिशेला वळलेला. कुशीवर.

"मामा!"

मान हलली. त्यांनी आवाज कुठून येतो ते शोधलं, दाराकडे पाहिलं, मग वर.

"तिथून बघायला मनाई आहे," ते म्हणाले. आवाज फुटलेला होता.

"दार उघडायला माणूस येतोय. हलू नका. कधी पडलात?"

"आत्ताच. साडेसातला." थोडं थांबून म्हणाले, "काल तूच उचललास ना?"

"हो."

"आवाज आईसारखा आहे. मी घाबरलोच."

"मी ओरडले तुमच्यावर."

"ओरडली नाहीस. करू नका म्हणालीस." त्यांना धाप लागत होती, पण बोलायचं थांबत नव्हते. कोणी बोलायला मिळालं नव्हतं बहुतेक. "म्हणून आज नाही केला. बसून राहिलो. मग घड्याळात बघितलं, साडेसात व्हायला आलेले. म्हटलं, हिला आता कोणी सांगितलं असलं, आणि ही मोजत बसली असली, तर पोर उगाच घरोघर फिरत बसेल. म्हणून उठलो. घाईत."

मी झरोक्याची चौकट धरून उभी होते. लाकडाला जुन्या तेलाचा वास होता. "मामा, बोलू नका," एवढंच मला सुचलं.

पलीकडे पहारीचा आवाज झाला. कडी तुटली आणि गॅरेजवाला आत आला. त्याच्यामागे कसे चढले कोण जाणे, पण टेलरकाकाही. त्यांनी खाली बसून मामांच्या डोक्याखाली स्वतःचा कोट घातला.

"बटणं नीट लावलीयत का याला?" मामांनी विचारलं.

"गप्प पड," काका म्हणाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, मी सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया परवा. या वयात काही सांगता येत नाही, पण वेळेत आणलंत. मी त्यांना सांगितलं नाही की आज ते मुळात कशाने पडले.

दुपारी परत आले तर बाई फोनपाशीच होत्या. दोन्ही वाट्या टेलरकाकांनी आणून दिल्या होत्या. त्यांनी बेतायच्या कागदावर, बाहीच्या आकृतीशेजारी, दहा माणसं आणि दहा नंबर लिहून दिले होते. मामांचा नंबर त्यात नव्हता. तो फोन आता रिकाम्या खोलीत होता.

"बाई, मी सोमवारी जाणार आहे. फोन बंद करायचा अर्जही दिलाय."

"असं?"

"मला कायमचं नाही जमणार. माझी नोकरी, माझं घर तिकडे..."

"कायमचं कोणी विचारलंय तुला?" बाई उठता उठता म्हणाल्या. "उद्याचं बोल. आणि रोज संध्याकाळी टेलर तुझ्या खिडकीत दिवा लागला का ते बघून जातो, माहीत आहे? तू उलटी रिंग देत नव्हतीस ना. आम्हाला कसं कळणार तू बरी आहेस ते?"

मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहापासून मी फोनपाशी बसले. आता बटणं कोणाची ते ठाऊक होतं, पण रिंग कोणाची ते नव्हतं. साडेसहाच्या ठोक्याला तीन रिंगा वाजल्या. बाईच असणार. स्वेटरचं बटण मी उजवीकडे टाकलं. पुढच्या अंदाजाने. साडेसातला पितळेचं एकटं डावीकडे उरलं. दवाखान्यात फोन कोण देणार, हे मला कळत होतं. उद्यावर ठरलेली शस्त्रक्रिया आज सकाळीच घेणार असतील. रात्रीत काही झालं असेल. मी त्या बटणाकडे बघायचं टाळलं आणि कागद पुढे ओढला.

बाईंचा नंबर फिरवला. एक रिंग वाजू दिली आणि ठेवला. पलीकडे कोणी उचलला नाही. कोणी उचलणारही नव्हतं. मग टेलरकाका. मग कंपाउंडर. प्रत्येक नंबर फिरवताना वाटत होतं, नेमका आत्ता तिकडून लागत असेल आणि एंगेज येत असेल. मी घाई केली, दोन आकडे चुकले, पुन्हा फिरवले. दहावी रिंग देऊन रिसीव्हर ठेवला आणि हात त्याच्यावरच राहिला.

सात एकेचाळीस झाले. बेचाळीस.

हाताखाली फोन थरथरला. एक, दोन, तीन. थांबला नाही. पाच, सहा. नर्सचा असेल, डॉक्टरांचा असेल, काहीतरी सांगायचं असेल, असं सगळं मनात येत होतं. सात. बोटं रिसीव्हरभोवती घट्ट आवळली होती. आठ. नऊ.

मी उचलला नाही. तो थांबला, आणि मी पितळेचं बटण घेऊन उजव्या वाटीत टाकलं.