बघणाऱ्याचं कार्ड

“आपल्या शाळेत आजवर कुणी कुणाचा छळ केलेला नाही, आणि आजपासून तर तो संपूर्णपणे बंद आहे!” असं गरजून हेडमास्तर स्वेतोझार यांनी टेबलावर मूठ आपटली. मुठीखाली जर्दाळूचा जॅम भरलेला किफला, म्हणजे चंद्रकोरीसारखा पाव होता. त्याच मुठीत त्यांनी बेलग्रेडहून आलेल्या प्रशिक्षक तियाना बाईंचा हात घेऊन प्रेमभराने दाबला. बाईंनी तो हात पुढे बराच वेळ अंगापासून लांब धरला.

शिक्षक गोल करून बसले होते. एक नाटुकलं करायचं होतं. एकाने छळायचं, एकाने सोसायचं, आणि बघणाऱ्याने वेळेवर उठून ‘पुरे’ म्हणायचं.

“सोसणारं कोण होतंय?” तियाना बाईंनी विचारलं.

“यासेंका!” सगळे एका सुरात म्हणाले. इतकं एकमत या खोलीत सहलीच्या जागेवरही कधी झालं नव्हतं.

संगीत शिकवणारी, जूनपर्यंतच्याच नेमणुकीवर असलेली यासेंका मधल्या खुर्चीत जाऊन बसली. गेल्या आठवड्यात तिने सहावीतल्या रेल्याला तळघरातल्या बॉयलरच्या खोलीतून बाहेर काढलं होतं. कडी घालणारा पोरगा उपमुख्याध्यापक झिवोयिन सरांचा नातू. तिने तक्रार केली. उद्याच्या सभेत आणखी एखादा शिक्षक ‘मीही पाहिलं’ म्हणाला नाही, तर ती तक्रार निकालात निघणार होती. पाहिलं होतं भूगोलाच्या कोविल्काने. दोघी रोज एकाच भांड्यातली कॉफी वाटून प्यायच्या.

बघणाऱ्याचं कार्ड कोविल्काच्याच हाती आलं. छळणाऱ्याचं झिवोयिन सरांनी मागून घेतलं. सर म्हणजे हेडमास्तरांचे कुम, त्यांच्या लग्नातले साक्षीदार. आमच्याकडे भाऊ एक वेळ बदलता येतो, कुम नाही.

“काय गं पोरी,” सर मायेने म्हणाले, “मुलांची मस्करी कळत नाही का तुला? तुझ्या गावाकडे मुलं खेळत नाहीत वाटतं?”

“अंधार पडेपर्यंत आत होता तो, सर. हाका मारून मारून आवाज बसला होता त्याचा.”

“अरेरे. तुझाही गळा नाजूकच. जूननंतर कुठे गाणार आहेस?”

कुणीतरी खुसखुसलं.

“किती आतून येतंय!” तियाना बाई भारावल्या. “सर, तुम्ही पूर्वी नाटकात होतात का?”

“छे हो. घरचंच आहे.”

सरांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की गुडघे गुडघ्यांना टेकले. यासेंकाने पाय आत घेतले.

“सकाळी तक्रार मागे घे,” ते हळू आवाजात म्हणाले. “रेल्याला रोज शाळेत यायचंच आहे. तळघरही कुठे जात नाही.”

कपांमधले चमचे थांबले. तियाना बाईंनी कोविल्काला खूण केली. कोविल्काने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. कार्डावर एकच शब्द होता.

“कोविल्काबाई,” मान न वळवता सर म्हणाले, “तुमच्या सूनबाईंची नेमणूक सप्टेंबरात पक्की व्हायची आहे ना? माझ्या सहीने?”

“वा! बघणाऱ्यालाही धाक!” तियाना बाई टिपून घेत म्हणाल्या. “हे आम्हाला सुचलंच नव्हतं.”

यासेंकाने सरांकडे बघणं सोडलं. ती आता फक्त कोविल्काकडे बघत होती. हेडमास्तर बोटं चाटत होते, तेही थांबले.

कोविल्का उठली. खुर्ची फरशीवर किंचाळली. गेल्या कित्येक वर्षांत या खोलीत सर बोलत असताना कुणी उठलं नव्हतं. तिने कार्डाची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि घसा साफ केला.

“यासेंका.”

“हं?”

“तुझ्या मागची ती खिडकी लाव ना गं. वारा लागून मान धरेल माझी.”